नीला नांदायला जाते

हृदयाकडून रक्त घेऊन निघते ती रोहिणी आणि हृदयाकडे रक्त परत घेऊन येते ती नीला. मराठीत शास्त्राची परिभाषा ज्यांनी घडवली, त्या गंभीर मंडळींना ही दोन नावे देताना घटकाभर थट्टेची लहर आली असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे. एरवी त्यांनी आम्हांला काय कमी दात तोडायला लावले आहेत? पण इथे मात्र दोन सख्ख्या बहिणीच डोळ्यांसमोर उभ्या केल्या. रोहिणी थोरली, तांबूस, ठसठशीत, सदा घाईत. नीला धाकटी; सावळी, मऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी तेहतीस वर्षे वाईच्या एका शाळेत शास्त्र शिकवले. फळ्यावर तांबड्या खडूने रोहिणी आणि निळ्या खडूने नीला काढली, की वर्गातल्या एखाद्या नीलाकडे सगळी पोरे वळून बघत आणि ती बिचारी मान खाली घाली.

या बहिणींचे स्वभाव नावांना शोभतीलसेच आहेत. रोहिणीची भिंत जाड आणि लवचिक. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर आत जो रेटा येतो, तो पाऱ्याच्या १२० मिलिमीटरपर्यंत चढतो. ती तो जन्मभर झेलते. नीलेची भिंत पातळ. माणूस आडवा झाला असेल, तर तिच्यातला दाब जेमतेम पाच ते दहा. रक्त मागे फिरू नये म्हणून तिच्या पोटात मधूनमधून नाजूक झडपा बसवलेल्या असतात. थोडक्यात काय, एक भर बाजारपेठेत वाढलेली, दुसरी परसदारी.

या धाकटीला उचलून थोरलीच्या घरी कायमचे नांदायला पाठवायचे, असा एक उद्योग माणसाने गेल्या शतकात आरंभला. त्याला बायपास म्हणतात. २०१२ साली, म्हणजे मी निवृत्त झाले त्याच वर्षी, तो माझ्या छातीत झाला. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मी समजते. मी डॉक्टरीण नव्हे. पण ज्या घरात ही नीला नांदायला आली, त्या घराची मालकीण तर आहे!

या विद्येची सुरुवात एका खुनाने झाली हे पुष्कळांना ठाऊक नसेल. १८९४ साली फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांना लियाँ शहरात एका मारेकऱ्याने भोसकले. यकृताकडे जाणारी मोठी नीला फाटली. ती शिवण्याची कला त्या वेळी कुणाच्याच हाती नव्हती, आणि अध्यक्ष गेले. अलेक्सी कारेल नावाच्या तिथल्या तरुण डॉक्टराच्या मनाला हे फार लागले. फाटके कापड शिवता येते, मग फाटकी रक्तवाहिनी का नाही? तो उठला आणि कशिदाकाम करणाऱ्या एका बाईकडे जाऊन बारीकात बारीक सुई कशी चालवावी याचे धडे त्याने घेतले. पुढे १९१२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पारितोषिकाचा एक तुकडा कशिदेवाल्या बाईच्या पदरात पडायला हवा होता, असे मला आपले वाटते.

१९४८ साली पॅरिसमध्ये ज्याँ कुनलँ याने पायाची बंद पडलेली रोहिणी तशीच राहू दिली आणि त्याच रोग्याची नीला तिच्या अंगावरून लांबवर जोडून दिली. रक्ताला वळणरस्ता मिळाला. हृदयापर्यंत ही युक्ती नीट पोचायला आणखी एकोणीस वर्षे जावी लागली. रेने फावालोरो नावाचा एक अर्जेंटिनी डॉक्टर. एका आडगावात बारा वर्षे खेड्यातली डॉक्टरकी करून मग हा गृहस्थ अमेरिकेत क्लीव्हलंडला शिकायला गेला, आणि मे १९६७ मध्ये त्याने एका ५१ वर्षांच्या बाईच्या बंद पडलेल्या हृदयरोहिणीसाठी तिच्याच पायातली नीला वापरली. नवी वाट चालून दाखवणारी ती एक बाई होती, हे मला फार आवडते. आपल्याकडे १९७५ साली मद्रासच्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी पहिली बायपास यशस्वी केली. आज तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवरसुद्धा दोन माणसे एकमेकांना आपल्या बायपासच्या खुणा दाखवताना आढळतात.

माझ्या छातीत तीन वाटा काढल्या होत्या. त्यांतली एक छातीच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या डाव्या रोहिणीची. डॉक्टर तिला लाडाने ‘लिमा’ म्हणतात. ती मुळात रोहिणीच, शिवाय शेजारच्याच आळीतली; तिला फक्त तोंड वळवून हृदयावर आणून जोडायचे. बाकीच्या दोन वाटांसाठी डाव्या पायाच्या घोट्यापासून वरपर्यंत चिरून नीला काढली. तिच्या वाचून पायाचे अडत नाही. आत खोलवर दुसऱ्या नीला असतात, त्या तिचे काम उचलतात. चारसहा महिने घोटा सुजतो, आणि मग पाय आपली लेक विसरून जातो.

नीला जोडताना ती उलटी करून जोडावी लागते. तिच्या झडपा पायाकडून हृदयाकडे जाणाऱ्या रक्तालाच वाट देतात. म्हणून घोट्याकडचे टोक वर महारोहिणीला आणि मांडीकडचे टोक हृदयरोहिणीला. हे जेव्हा डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवले, तेव्हा मला हसू आले. सासरी जाताना प्रत्येकीला आपली दिशा थोडीफार उलटी करून घ्यावीच लागते!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पाचदहाच्या दाबात वाढलेली ही पातळ अंगाची पोर एकदम १२०च्या रेट्यात येऊन पडते. पहिल्या ठोक्यालाच ती ताणली जाते. मग ती काय करते? जी गोष्ट कोणीही करील तीच. ती आपली भिंत जाड करू लागते. आतल्या अस्तरातल्या पेशी वाढतात, थरावर थर चढतात. हे सुरुवातीला चांगलेच असते. भिंत जाड झाली नाही, तर रेटा सोसायचा कसा? परंतु ही वाढ काही जणींच्या बाबतीत जिथे थांबायला हवी तिथे थांबत नाही. भिंत आतल्या बाजूने जाड होते, आणि आतून जाड झालेल्या नळीची पोकळी लहान होते. पहिल्या वर्षात बहुधा हेच चालते. पुढे त्या जाड अस्तरात चरबी साचू लागते, आणि ज्या रोगासाठी थोरलीला बाजूला सारले, तोच रोग धाकटीला जडतो. तोही जास्त घाईने. दहा वर्षांनी हिशेब मांडला, तर नीलेच्या वाटांपैकी साधारण निम्म्या बंद झालेल्या असतात. लिमा मात्र दहातल्या नऊ तरी वाहत्या असतात. जोडण्याआधी नीला हाताळताना जी दुखापत होते, तीही तिला पुढे भोवते. स्वीडनमधल्या शल्यवैद्यांनी तर नीला सोलून न काढता भोवतालच्या चरबीच्या मऊ वेष्टनासकट काढायला सुरुवात केली, आणि अशा नीला अधिक काळ मोकळ्या राहतात असे त्यांना दिसून आले. म्हणजे पाठराखीण बरोबर दिली, की मुलगी सासरी बरी नांदते!

हे वाचले, तेव्हा मला माझ्या सासूबाईंची आठवण झाली. त्या चौदाव्या वर्षी या घरात आल्या. घरात सोळा माणसे, दोन म्हशी, आणि जरबेचे सासरे. मी १९७७ साली सून म्हणून आले, तेव्हा सासूबाईंनी पस्तीस वर्षे तो रेटा सोसलेला होता. त्या कधी रागावल्या नाहीत, तशा कधी हसल्याही नाहीत. मायेचा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडायला जागाच उरली नव्हती. परंतु पावसाळ्यात मी शाळेतून भिजून आले, की चुलीजवळ माझे एक कोरडे पातळ उबेला टाकलेले असायचे. ते कोणी ठेवले हे त्या घरात कधी बोलले गेले नाही. एवढ्याशा फटीतून त्यांची माया वाहत होती, आणि मी त्या फटीवर बरीच वर्षे काढली. सोसण्यासाठी उभारलेली भिंतच शेवटी वाट अडवते, हे नीलेबद्दल मला फार उशिरा कळले. माणसांबद्दल मात्र ते मी त्या घरात पहिल्या पावसाळ्यातच शिकले होते.

असो. बारा वर्षे माझ्या तिन्ही वाटांनी मला काही कळू दिले नाही. आमच्या यांना सहा वर्षांपूर्वी कंपवात जडला. कोर्टात नाझर म्हणून ज्यांनी हजारो कागद नीट लावले, त्यांना आता शर्टाचे एक बटण लावायला दहा मिनिटे लागतात. त्यांची आंघोळ, त्यांच्या औषधांच्या वेळा, त्यांना हात धरून घाटापर्यंत नेणे, हे सगळे माझ्याकडे. मुलगा-सून पुण्याला, येतात, बोलावतातही. पण यांना कृष्णा दिसल्यावाचून संध्याकाळ झाली असे वाटत नाही.

२०२४च्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी घाटाच्या पायऱ्या चढताना माझा डावा जबडा जड झाला आणि पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये कोणी पाटा ठेवावा तसे वाटले. उभी राहिले, तीनचार मिनिटांत सगळे गेले. दुसऱ्या दिवशी तसेच. घरात ही बातमी फुटताच निदाने सुरू झाली. शेजारच्या काकूंनी पित्त ठरवले. वन्सं म्हणाल्या, पाठीत वारा धरला. मुलाने फोनवरून गादी बदलायला सांगितले. मी मात्र तीन दिवस मोजून पाहिले. दुखणे दर वेळी विसाव्या पायरीच्या आसपास यायचे आणि थांबले की जायचे. पित्ताला काही पायऱ्या मोजता येत नाहीत! श्रमाने येते आणि विसाव्याने जाते, ते दुखणे हृदयाचे असू शकते. आणि बायकांच्या बाबतीत ते छाती सोडून जबड्यात, पाठीत किंवा नुसत्या थकव्यात लपून बसू शकते, हे मी मुलींना शिकवत आले होते. चौथ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर तरुण होते. गावात सगळे म्हणतात तसे तेही मला ‘बाई’च म्हणाले. “बाई, बायपासचा कागद आहे का? कुठल्या वाटा कुठून कुठे जोडल्या आहेत ते कळलं, तर फार बरं होईल.” मी यांच्याकडे पाहिले. यांनी कापऱ्या हाताने पिशवीतून एक पिवळी फाईल काढली. शस्त्रक्रियेचा कागद, घरी सोडतानाचा कागद, जुनी चित्रे, सारे तारीखवार लावलेले, वर अनुक्रमणिका. डॉक्टर क्षणभर फाईलकडेच पाहत राहिले. “असे रोगी मला रोज मिळोत,” ते म्हणाले. “रोगी ती आहे. मी नाझर,” हे म्हणाले.

मग तपासण्या झाल्या. स्वस्थ पडून काढलेला हृदयाचा आलेख अगदी निर्मळ निघाला. “यावर विसंबायचं नाही,” डॉक्टर म्हणाले. “विश्रांतीत हृदयाची मागणीच कमी असते. अरुंद वाटेनंही भागतं.” चालत्या पट्ट्यावर चढवले तेव्हा पाचव्या मिनिटाला आलेख बिघडला आणि जबड्याने साक्ष दिली. सोनोग्राफीसारख्या तपासणीत हृदयाचे आकुंचन चांगले दिसले, ही जमेची बाजू. नीलेच्या वाटा हृदयाच्या मूळ रोहिण्यांपेक्षा रुंद असतात आणि कमी हलतात, त्यामुळे हल्ली त्यांचे चित्र सी. टी. यंत्रातही छान येते. पण माझी लक्षणे इतकी स्पष्ट होती, की सरळ अँजिओग्राफी करावी, म्हणजे गरज पडल्यास इलाजही तिथेच करता येईल, असे ठरले. आधी मूत्रपिंडे तपासून घेतली. कारण चित्रासाठी जे औषध सोडतात, ते त्यांना जड जाऊ शकते.

या अँजिओग्राफीचा जन्मही एका अपघातातला. १९५८ साली क्लीव्हलंडलाच मेसन सोन्स नावाचे डॉक्टर एका रोग्याच्या महारोहिणीचे चित्र घेत होते. नळी सरकून हृदयाच्या उजव्या रोहिणीत शिरली आणि ते औषध भसकन तिच्यात गेले. हृदय थांबले. सोन्स ओरडले, “खोका!” रोगी खोकला आणि हृदय पुन्हा सुरू झाले. जे केले तर माणूस मरेल असे सारे समजत होते, ते करूनही माणूस जगतो हे त्या खोकल्याने सिद्ध केले. सोन्स यांच्या या चित्रांवाचून फावालोरोला आपली नीला कुठे जोडावी ते कळले नसते.

माझ्या डाव्या मनगटातून नळी घातली. लिमा डाव्या हाताकडे जाणाऱ्या रोहिणीतूनच फुटते, तेव्हा तिच्या दारात जायला ही जवळची वाट. पडद्यावर काळ्या रेघा उमटू लागल्या. लिमा जाईच्या वेलासारखी थेट खालपर्यंत हसत होती. दुसरी वाट पहिल्याच वळणावर तुटलेली. ती केव्हा बंद झाली कोणास ठाऊक. आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनी वाढून तिच्या भागाला रक्त पुरवले होते आणि त्याचा गाजावाजाही केला नव्हता. शेजारधर्म म्हणतात तो हाच. तिसरी वाट हृदयाच्या उजव्या बाजूची. तिच्या मधोमध कोणी दोऱ्याने आवळावे तशी चिमटी. “ऐंशी टक्के अरुंद,” डॉक्टर म्हणाले. लांब नळीचा व्यास अर्धा झाला आणि बाकी सारे तसेच राहिले, तर प्रवाह अर्धा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो. हे गणित मी वर्गात किती वेळा फळ्यावर मांडले असेल! त्या दिवशी ते माझ्या डोक्यावरच्या पडद्यावर मांडले होते.

त्या दिवशी तिथेच काही करू नये, एक रात्र विचार करावा, असे मीच म्हटले. डॉक्टरांनी खुर्ची ओढून चार रस्ते सांगितले. पहिला, नुसती औषधे. ती तर कुठल्याही रस्त्याने गेले तरी घ्यायचीच आहेत. दुसरा, पुन्हा बायपास. यात जोखीम पहिल्या खेपेपेक्षा जास्त. छाती पुन्हा उघडताना हाडामागे चिकटलेल्या चांगल्या वाहत्या लिमालाच धक्का लागण्याचे भय, आणि तीच तर घरातली कर्ती. तिसरा, नीलेला सोडून मूळ रोहिणीच मोकळी करायची. जमत असेल तिथे डॉक्टरांचा कल हल्ली या बाजूला असतो. पण माझी उजवी रोहिणी कित्येक वर्षे पूर्ण बंद आणि चुन्याने कडक झालेली. तो प्रयत्न राखून ठेवावा, असे त्यांचे मत. चौथा, नीलेतल्या चिमटीवर फुगा फुगवून स्टेंट, म्हणजे धातूची बारीक जाळीदार नळी, बसवायचा.

“यात धोका काय?” मी विचारले.

“म्हाताऱ्या नीलेतला मळ मऊ असतो, बाई. भुसभुशीत. फुगा दाबला की त्याचे कण सुटून पुढे वाहत जातात आणि हृदयातल्या बारीक वाहिन्या तुंबतात. म्हणून पुढे एक छोटी जाळी आधी उघडून धरायची. असे कण अडवण्यावर २००२ साली अमेरिकेतला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. असा बंदोबस्त केला, की मोठी संकटं बरीच कमी होतात असं दिसलं. पण पूर्ण टळत नाहीत.”

“आणि टिकेल किती?”

“मूळ रोहिणीतल्या स्टेंटइतका टिकेल, अशी आशा मी तुम्हांला लावणार नाही. वर्षांचा आकडा मी देत नाही.”

त्यांनी आकडा दिला नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

रात्री रुग्णालयाच्या खोलीत घरची सभा भरली. वन्सं म्हणाल्या, “सत्तरी उलटली. आता देवाचं नाव घ्यावं. कशाला टोचाटोची?” त्यांचे चुकत होते असेही नाही, दोन बायपास पाहून झालेल्या, त्यातली एक त्यांच्या घरातून परत न आलेली. मुलगा म्हणाला, मोठ्या शहरात आणखी दोघांना दाखवू. सूनबाई काही बोलली नाही. ती माझ्या पायाशी बसून त्या जुन्या लांब व्रणावरून हात फिरवीत होती. माझ्या मनात मात्र एकच हिशेब चालला होता. मला स्वतःला किती वर्षे हवीत, असा प्रश्न मी विचारला असता, तर उत्तर कदाचित वन्संच्या बाजूने गेले असते. पण मला यांच्याहून एक दिवस जास्त हवा होता. तो मागायला धीर होत नव्हता. कारण काही विपरीत झाले, तर तो एक दिवसही जायचा आणि हातातले बरे दिवसही.

सगळे गेल्यावर हे खुर्चीतून म्हणाले, “तू सही कर.”

“आणि काही झालं तर?”

बराच वेळ गेला. कंपवाताच्या माणसाला बोलायला वेळ लागतो. त्यातला किती वेळ रोगाचा आणि किती विचाराचा, हे मलाही अजून ओळखता येत नाही. मग म्हणाले, “माझी बटणं मी लावीन.”

मी सही केली.

ज्या वर्षी मी वाईला सासरी आले, त्याच वर्षी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग याने जगात पहिल्यांदा एका जाग्या माणसाच्या हृदयरोहिणीत फुगा फुगवून ती मोकळी केली. आपले फुगे तो घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून तयार करी. सतत अठ्ठेचाळीस वर्षे स्वयंपाकघरात काढलेल्या बाईला हे ऐकून किती धीर येतो म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी मीही जागीच होते. बारीक तारेवरून ती जाळी चिमटीच्या पुढे गेली आणि उलट्या छत्रीसारखी उघडली. फुगा फुगला तेव्हा काही सेकंद पाठीवर तो पाटा पुन्हा आला. मग एकदम उचलला गेला. पडद्यावर चिमटी नव्हती. काळी रेघ खालपर्यंत सरळ धावत होती. डॉक्टरांनी जाळी मिटून बाहेर काढली आणि मला मुद्दाम दाखवली. आत पिवळट, भिजलेल्या रव्यासारखे कण होते. एवढ्याशा रव्याने माझे सारे संसारगाडे अडवले असते!

आता रोज दोन गोळ्या रक्त गोठू नये म्हणून. त्यांतली एक काही महिन्यांनी थांबेल, पण ती डॉक्टर सांगतील तेव्हाच, मनाने नव्हे. एक गोळी वाईट कोलेस्टेरॉल खाली ठेवण्यासाठी. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत असे दिसले, की हे कोलेस्टेरॉल चांगले खाली आणले, तर नीलेच्या वाटांतला रोग सावकाश वाढतो. म्हणजे बायपासनंतर ही गोळी सोडायची नसते. तेव्हाच तर तिचे खरे काम सुरू होते. रक्तदाब, साखर, आणि आमच्याकडच्या बायकांची मिश्री. बिडी-सिगारेटवर जग बोलते. मिश्रीतही तंबाखूच असते, हे माझ्या सगळ्या मैत्रिणींना मी सांगत असते, आणि त्या ‘हो बाई’ म्हणून डबी पाठीमागे लपवतात.

बायपास झाली म्हणजे रोग गेला, असे पुष्कळ घरांतून समजतात. रोग जात नाही. रक्ताला एक नवा पाट काढून दिलेला असतो. पाटाला वहिवाट लागते, गाळ काढावा लागतो, फुटतो कुठे ते बघावे लागते. ज्यांच्या घरात अशी नांदायला आलेली नीला आहे, त्यांना या दिवाळीच्या निमित्ताने माझे एकच सांगणे. कपाटे आवरायला काढाल, तेव्हा बायपासचा तो कागद शोधा आणि हाताशी येईल असा ठेवा. कितवी वाट, कुठून कुठे, कोणत्या साली. आणि चढताना येते, थांबताच जाते, असे काही जाणवू लागले, तर त्याचे नाव पित्त ठेवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. बसल्या जागी आले आणि थांबेना, तर मग घटकाभरही वाट पाहू नका.

मी हल्ली घाटाच्या पायऱ्या चढते. विसावी पायरी केव्हा गेली ते कळत नाही. यांचा हात माझ्या हातात असतो. तो थरथरतो, त्यामुळे माझी नाडी कोणती आणि त्यांचा कंप कोणता ते ओळखू येत नाही, एवढेच. परवा त्यांचे चार सदरे काढून मी त्यांची बटणे उसवली. सदऱ्याच्या पट्टीला आतून चिकटपट्टी शिवली आणि बटणे वरून शोभेला पुन्हा टाचून टाकली. आता नुसते दाबले की सदरा बंद होतो. भाऊबीजेला वन्सं ओवाळायला येतील, तेव्हा हे सदरा स्वतः घालून पाटावर बसणार आहेत. वन्संना काही सांगायचे नाही, असे आमचे दोघांचे ठरले आहे.